फंड वाढतो, पेन्शन थिजते

सक्करदरा चौकातून तुकडोजी पुतळ्याकडे निघालं की रघुजीनगरात कर्मचारी भविष्य निधी संघटनेचं कार्यालय लागतं. पत्त्यात रिज रोड लिहिलेलं असतं, पण ऑटोवाल्याला नुसतं ‘पीएफ ऑफिस’ म्हटलं तरी पुरतं. तिथे येणाऱ्यांत दोन ठळक गट दिसतात. एक तिशी-चाळिशीतला. नोकरी सुटलेली असते, क्लेम टाकलेला असतो आणि तो रिजेक्ट का झाला हे त्याला विचारायचं असतं. दुसरा साठी-सत्तरीतला. त्याचा प्रश्न एकच: एवढी वर्षं नोकरी करून पेन्शन एवढीशीच कशी? पहिल्याचं काम आज ना उद्या होतं. आधारवरचं नाव जुळलं, नोकरी सोडल्याची तारीख भरली, की पैसे खात्यात येतात. दुसऱ्याला मात्र खिडकीवर उत्तर मिळत नाही. त्याच्या हिशोबात चूक सापडत नाही. हिशोब बरोबर असतो आणि पेन्शन तेवढीच असते.

पगारपत्रकावर ‘पीएफ’ म्हणून जी एक कपात दिसते तिच्यातून दोन अगदी वेगळ्या योजना चालतात. एक साठवणुकीची. ती बऱ्यापैकी चोख आहे. दुसरी पेन्शनची. तिनं लाखो माणसांना म्हातारपणी जवळपास उघड्यावर सोडलं आहे. या दोन्हींचा एकत्र विचार केला की पहिलीचं यश दुसरीचं अपयश झाकून टाकतं. म्हणून इथे त्या वेगळ्या काढून पाहायच्या आहेत.

कामगाराच्या म्हातारपणाची सोय मालकानं करावी, हा विचार नागपूरला नवा नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. १८८६ मध्ये त्यांनी कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. त्या वेळी असा कोणताही कायदा देशात नव्हता. फंडाचा कायदा यायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. नोव्हेंबर १९५१ मध्ये अध्यादेश निघाला, मार्च १९५२ मध्ये कर्मचारी भविष्य निधी कायदा झाला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून योजना लागू झाली. सुरुवातीला सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड असे सहाच उद्योग त्यात होते. पन्नास किंवा जास्त कामगारांचा कारखाना असेल तरच कायदा लागू व्हायचा. कपात सव्वासहा टक्के होती आणि वेतनमर्यादा महिना ३०० रुपये. कापड गिरण्या यादीत असल्यामुळे नागपूरचा गिरणी कामगार पहिल्या दिवसापासून फंडाचा सभासद होता. आजही जुन्या गिरणी कामगारांच्या घरात ‘पीएफ’ कुणी म्हणत नाही, ‘फंड’ म्हणतात. फंडातून घर बांधलं, फंडातून पोरीचं लग्न केलं, अशीच त्यांची वाक्यं असतात.

त्या पहिल्या योजनेत पेन्शन नव्हतीच. माणूस निवृत्त झाला की एकरकमी पैसे घ्यायचे आणि पुढचं त्याचं तो पाहील, असा मामला होता. १९७१ मध्ये कुटुंब पेन्शन आली, म्हणजे सभासद गेला तर मागे राहिलेल्यांना काहीतरी मिळू लागलं. १९७६ मध्ये ठेवीशी जोडलेला विमा आला. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना सुरू झाली. तिलाच सगळे ‘ईपीएस ९५’ म्हणतात. सत्तरी ओलांडलेला माणूस हा पंच्याण्णवचा आकडा स्वतःच्या जन्मसालासारखा सांगतो.

आता कपात कशी होते ते पाहू. पीएफसाठी धरलं जाणारं वेतन म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता. समजा ते १५,००० रुपये आहे. कामगाराच्या पगारातून बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात आणि ते सगळे त्याच्या फंडात जातात. मालकही बारा टक्केच भरतो, पण त्याचे दोन भाग होतात. ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५५० फंडात. याखेरीज विम्यासाठी अर्धा टक्का आणि कार्यालयीन खर्चासाठी अर्धा टक्का मालकच देतो. पेन्शन योजनेत केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मालकानं हे सगळं भरायचं असतं. कामगाराच्या पगारातून कापून घेतलेला हिस्सा मालकानं भरला नाही, तर तो फौजदारी विश्वासघात ठरतो. उशीर झाला तर बारा टक्के व्याज आणि वर दंड. कायद्याला इथे चांगले दात आहेत. दुकान-कारखाना मोडीत निघाला तरी फंडाची थकबाकी इतर देण्यांच्या आधी वसूल करायची असते. कामगाराच्या देण्यापोटी कोर्टही त्याच्या फंडावर जप्ती आणू शकत नाही.

फंडाची बाजू सरळ आहे. महिना २,३५० रुपये जमा होतात, त्यावर व्याज चढतं. व्याजाचा दर केंद्रीय विश्वस्त मंडळ दरवर्षी सुचवतं. सरकार, मालक आणि कामगार संघटना असे तिघे या मंडळावर असतात. अर्थ मंत्रालयाची मंजुरी मिळाली की दर जाहीर होतो. १९९० च्या दशकात तो बारा टक्के होता, २०२१-२२ मध्ये ८.१ वर आला आणि २०२३-२४ व २०२४-२५ या दोन्ही वर्षांना ८.२५ राहिला. बँकेची मुदतठेव याच्या आसपासही फिरकत नाही. हा दर कायम धरला तर दहा वर्षांत भरलेल्या २ लाख ८२ हजारांचे साधारण ४ लाख २९ हजार होतात. पैसा बहुतांश सरकारी रोख्यांत असतो, २०१५ पासून थोडा भाग शेअर बाजारातल्या ईटीएफमध्येही जातो. बाजार पडला म्हणून सभासदाची शिल्लक कमी झाली असं होत नाही.

अडचण वेगळीच आहे. ही शिल्लक निवृत्तीपर्यंत टिकत नाही. नोकरी बदलली की माणूस फंड काढून घेतो. घराची स्लॅब, मुलाचं ॲडमिशन, आईचं ऑपरेशन, सगळं त्यातूनच होतं. त्याला मी उधळपट्टी म्हणणार नाही. ज्या घरात दुसरी कुठलीच ठेव नाही त्या घरात फंड हीच एकमेव तिजोरी असते. पण त्याचा परिणाम काय झाला ते केंद्रीय कामगार मंत्रालयानंच ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं. शेवटचा हिशोब होताना निम्म्या सभासदांच्या खात्यात २० हजारांपेक्षा कमी रक्कम असते आणि तीन चतुर्थांश सभासदांच्या खात्यात ५० हजारांपेक्षा कमी. त्याच महिन्यात विश्वस्त मंडळानं पैसे काढण्याची तेरा कारणं तीन गटांत बसवली, अंशतः काढणं सोपं केलं, पण चतुर्थांश शिल्लक खात्यात राहिलीच पाहिजे असं ठरवलं. नोकरी सुटल्यावर पूर्ण रक्कम काढायला पूर्वी दोन महिने थांबावं लागायचं, ती मुदत बारा महिन्यांवर नेली. या निर्णयावर भरपूर आरडाओरड झाली. बेरोजगार माणसाला वर्षभर थांब म्हणणं कठोर आहे, हे खरंच. तरीही काहीतरी शिल्लक राहू द्या, हा हेतू मला पटतो. वीस हजारांत म्हातारपण निघत नाही.

दुसरी योजना, पेन्शन, हिशोबाला सोपी आणि समजायला अवघड आहे. फंडाचं पासबुक उघडून पाहा. त्यात तीन रकाने असतात: कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन. पहिल्या दोन रकान्यांत व्याज चढतं, तिसऱ्यात कधीच चढत नाही. नवी नोकरी धरून खातं वर्ग केलं की पहिले दोन आकडे नव्या खात्यात येतात आणि तिसऱ्याच्या जागी शून्य दिसतं. पेन्शनचे पैसे बुडाले म्हणून लोक घाबरतात. पैसे बुडालेले नसतात, पण ते ‘त्यांचे’ म्हणून कुठे ठेवलेलेही नसतात. तो आकडा म्हणजे शिल्लक नव्हेच, नुसती भरण्याची नोंद आहे. सगळ्यांचा पैसा एका सामाईक निधीत जातो आणि सभासदाच्या नावावर जमा होते ती सेवेची वर्षं. म्हणून पेन्शनच्या दृष्टीनं पासबुकापेक्षा ‘सर्व्हिस हिस्ट्री’ महत्त्वाची. नोकरीला लागल्याची आणि सोडल्याची तारीख तिथे बरोबर आहे का, मधले बिनपगारी दिवस किती दाखवले आहेत, जुन्या नोकरीची वर्षं जोडली गेली आहेत का, हे पाहायला हवं. २०१४ मध्ये बारा अंकी सभासद क्रमांक (यूएएन) आल्यापासून हे मोबाईलवर दिसतं. पाहणारे थोडे.

पेन्शन काढायची रीत अशी: पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरनं भागायचं. वीस वर्षं सेवा झाली असेल तर दोन वर्षं वाढवून मिळतात. वय ५८ झालं की पूर्ण पेन्शन. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण दर वर्षामागे चार टक्के कपात होते. किमान दहा वर्षांची सेवा हवी. त्याआधी नोकरी सुटली तर पैसे काढून घ्या किंवा स्कीम सर्टिफिकेट घेऊन वर्षं जपून ठेवा. अनेकजण पैसे काढतात आणि त्याबरोबर आपली वर्षं पुसून टाकतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

सगळी मेख ‘पेन्शनपात्र वेतना’त आहे. खरा पगार चाळीस हजार असला तरी हे वेतन सरकारनं ठरवलेल्या मर्यादेच्या वर जात नाही. १९९४ मध्ये ती मर्यादा ५,००० होती. २००१ मध्ये ६,५०० झाली. तेरा वर्षं तिथेच राहिली आणि १ सप्टेंबर २०१४ ला १५,००० झाली. त्यानंतर दशक उलटलं, मर्यादा तीच. शिवाय २०१४ मध्ये दोन बारीक बदल झाले. पूर्वी शेवटच्या बारा महिन्यांची सरासरी धरायचे, आता साठ महिन्यांची धरतात. आणि त्या तारखेआधीच्या सेवेला जुनी मर्यादा, नंतरच्या सेवेला नवी, असा वाटा पाडला.

सप्टेंबर १९९६ मध्ये तिसाव्या वर्षी नोकरीला लागून ऑगस्ट २०२४ मध्ये निवृत्त झालेला माणूस धरू. अठरा वर्षं ६,५०० च्या हिशोबानं: १,६७१ रुपये. दहा वर्षं १५,००० च्या हिशोबानं: २,१४३ रुपये. दोन वर्षांची सवलत धरली तर बेरीज चार हजारांच्या आसपास. अठ्ठावीस वर्षांची अखंड नोकरी, आणि महिना चार हजार. ज्याची नोकरी १९९५ च्या आधीची आहे त्याचं आणखी वाईट. त्या आधीच्या वीसहून जास्त वर्षांच्या सेवेसाठी मूळ रक्कम महिना १५० किंवा १७० रुपये ठरली होती, तिला गुणक लावून काय वाढेल ते. २०१० मध्ये निवृत्त झालेल्याला पंच्याण्णवनंतरच्या पंधरा वर्षांचे १,३९३ रुपये आणि त्यात जुन्या सेवेचे काही शे. गिरणीत, एसटीत, सहकारी बँकेत, वीज मंडळात आयुष्य घालवलेल्या माणसांच्या पेन्शनचे आकडे हजार-दोन हजारांत का अडकलेत, त्याचं उत्तर या दोन बेरजांत आहे.

आणि एकदा ठरलेली पेन्शन वाढत नाही. महागाई भत्ता नाही, दरवर्षीची वाढ नाही. २०१० मध्ये ठरलेला आकडा आजही तोच. गॅस सिलिंडर, औषधं, ऑटोचं भाडं, सगळं वर गेलं. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या घेतल्या की या पेन्शनीतला मोठा वाटा संपतो. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारनं सांगितलं की आदल्या महिन्यात ६८ लाखांहून जास्त निवृत्तांना सुमारे १,५७० कोटी रुपये वाटले. भागाकार केला की माणशी साधारण २,३०० रुपये येतात. किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धाला महिना १,५०० रुपये मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. पण वर्षानुवर्षं दर महिन्याला वर्गणी भरलेल्या कामगाराची किमान पेन्शन त्याहून पाचशेनं कमी असावी, याचं समर्थन कुठल्याही तर्कानं होत नाही.

यावर सरकारचं नेहमीचं उत्तर असतं: निधीत तूट आहे. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. दहाच वर्षं १,२५० रुपये भरून लगेच निवृत्त झालेल्याचा हिशोब करून पाहा. ८.२५ टक्के व्याजानं त्याचे साधारण २ लाख २८ हजार जमले असते. त्याला वर्षाला २५,७०० रुपये पेन्शन मिळते. म्हणजे जमा रकमेच्या अकरा टक्क्यांहून जास्त, तीही तहहयात आणि पुढे जोडीदाराला निम्मी. असा परतावा कुठली विमा कंपनी देणार? आता पंचविशीत लागून ५८ पर्यंत सलग तेहतीस वर्षं तेवढेच भरणारा घ्या. त्याच दरानं त्याचे जवळपास २४ लाख झाले असते. त्याला दोन वर्षांच्या सवलतीसह महिना ७,५०० मिळतील, वर्षाला ९०,०००. जमा रकमेच्या चार टक्केसुद्धा नाहीत. पंचविशीत भरलेला रुपया आणि सत्तावन्नाव्या वर्षी भरलेला रुपया या सूत्राला सारखाच दिसतो. त्यामुळे उशिरा आलेल्याला झुकतं माप मिळतं, त्याची तूट निधी सोसतो, आणि आयुष्यभर प्रामाणिकपणे भरणारा दुसऱ्याचा भार उचलतो. तरीही हातात येणारी रक्कम दोघांनाही अपुरीच असते, कारण पंधरा हजारांची मर्यादा दोघांच्याही डोक्यावर बसलेली आहे. तूट आहे म्हणून पेन्शन वाढवता येत नाही, असं म्हणताना सूत्राची ही घडणही लोकांसमोर मांडायला हवी. ती मांडली जात नाही.

या प्रश्नावर महाराष्ट्र, आणि त्यातही विदर्भ, सगळ्यांत जास्त बोलला आहे. बुलडाण्यात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली ईपीएस ९५ राष्ट्रीय संघर्ष समितीनं डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू केलं आणि ते वर्षानुवर्षं चालवलं. मागणी महिना ७,५०० रुपये किमान पेन्शन, त्यावर महागाई भत्ता आणि पती-पत्नीला मोफत वैद्यकीय उपचार. ही मागणी वेड्यासारखी नाही. २०१३ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनंच किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झालेले. शिफारशीनंतर वर्षभरानं सरकारनं दिले ते हजार. सत्तरीतली माणसं उन्हात मोर्चाला जातात तेव्हा त्यांच्या हातात या समितीच्या अहवालाच्या झेरॉक्स असतात. त्यांना कलमं पाठ आहेत.

वाढीव पेन्शनचा मुद्दा वेगळा आहे आणि त्याचा गोंधळ मोठा. १९९६ पासून कायद्यात एक वाट होती: मालक आणि कामगार दोघांनी मिळून पर्याय दिला तर पूर्ण पगारावर पेन्शन वर्गणी भरता यायची. बहुतेकांना हे ठाऊकच नव्हतं. २०१६ च्या आर. सी. गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निवृत्तांच्या बाजूनं कौल दिला. ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात २०१४ च्या दुरुस्त्या बऱ्याच अंशी कायम ठेवून पात्र लोकांना पर्याय द्यायला आणखी एक संधी दिली. देशभरातून सतरा लाखांवर अर्ज आले. पुढे प्रत्येक अर्जाला जुन्या पगाराच्या नोंदी लागल्या, फरकाची रक्कम व्याजासह भरावी लागली, आणि ज्यांच्या संस्थेचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट होता त्यांच्यापुढे ट्रस्टची नियमावली आडवी आली. तीस वर्षांपूर्वीचं पगारपत्रक आणा, असं निवृत्त माणसाला सांगणं म्हणजे त्याला नाही म्हणण्याचाच एक प्रकार आहे. संस्थांकडे दफ्तरं नाहीत, काही संस्थाच उरलेल्या नाहीत.

बाकीच्या कारभारात सुधारणा झाली हे मान्य करायला हवं. जानेवारी २०२५ पासून केंद्रीकृत पेन्शन वाटप सुरू झालं, त्यामुळे पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत येते. गाव बदललं म्हणून कागद या कार्यालयातून त्या कार्यालयात हलवावे लागत नाहीत. हयातीचा दाखला वर्षातून केव्हाही, मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. आयुष्यभर करवती-हातोडा धरून बोटांच्या रेषा झिजलेल्यांचे अंगठे यंत्रावर उमटत नसत, त्यांना याचा खरा उपयोग झाला. विधवेला पतीच्या पेन्शनच्या निम्मी मिळते, दोन मुलांना पंचविशीपर्यंत प्रत्येकी विधवेच्या पेन्शनचा चौथा हिस्सा. सभासद नोकरीत असताना गेला तर विम्याची रक्कम सात लाखांपर्यंत जाते. हा विमा आहे हेच अनेक घरांना माहीत नसतं, कारण त्याचा हप्ता कामगाराच्या पगारातून कापला जात नाही. त्यामुळे तो पगारपत्रकावर दिसत नाही आणि मागणाराही कुणी नसतो. नॉमिनेशन मात्र भरलेलं हवं. लग्नाआधी आईचं नाव टाकलं आणि पुढे बदललंच नाही, असं पुष्कळांच्या बाबतीत होतं.

नागपूरच्या एखाद्या एकत्र कुटुंबात बसलात तर देशातल्या पेन्शन व्यवस्थांची अख्खी यादी एका पंगतीला सापडेल. आजोबा गिरणीतले, ईपीएस ९५ चे. काका उमरेडच्या कोळसा खाणीतले. त्यांचा भविष्य निधी १९४८ च्या वेगळ्या कायद्याखालचा आणि पेन्शन १९९८ च्या वेगळ्या योजनेची. सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेली, म्हणून जुनी पेन्शन नाही, राष्ट्रीय पेन्शन योजना (एनपीएस). ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत हिवाळी अधिवेशनावर मोर्चे घेऊन जाणारे हेच लोक. मार्च २०२३ च्या संपानंतर आणि २०२४ मध्ये केंद्राची एकीकृत पेन्शन योजना आल्यावर त्यांना थोडा दिलासा मिळाला. तिच्यात पंचवीस वर्षं सेवा झाल्यास शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि दहा वर्षांनंतर किमान दहा हजार. धाकटा भाऊ खासगी दवाखान्यात ठेकेदाराकडून लागलेला. पीएफ कापला जातो असं तो म्हणतो, भरला जातो का ते त्यानं पाहिलेलं नाही. आणि धाकटी वहिनी शिवणकाम करते, तिला काहीच नाही. दहा हजार आणि एक हजार, दोन्ही किमान पेन्शनच, दोन्ही केंद्र सरकारनंच ठरवलेल्या.

जगात ही अडचण ठिकठिकाणी वेगवेगळ्या रीतीनं सोडवली आहे. मलेशियानं १९५१ मध्ये आणि सिंगापूरनं १९५५ मध्ये आपल्यासारखाच सक्तीचा फंड सुरू केला. ऑस्ट्रेलियात १९९२ पासून मालक सक्तीनं भरतो, आणि जुलै २०२५ पासून त्याचा दर बारा टक्के झाला. ब्रिटननं २०१२ पासून प्रत्येक पात्र कामगाराला आपोआप योजनेत घेतलं, नको असेल त्यानं बाहेर पडावं. पण ब्रिटनमध्ये या साठवणुकीच्या खाली सरकारी पेन्शनचा मजला आहे आणि ती दरवर्षी महागाई किंवा पगारवाढ पाहून वाढते. आपल्याकडे तो मजलाच नाही.

आता मूळ प्रश्नाच्या बाहेर उरलेली माणसं. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार, चौकातली कापडाची दुकानं, मेडिकल, छोटे दवाखाने, कोचिंग क्लास, फर्निचरची वर्कशॉप्स. एकेका ठिकाणी सहा, आठ, बारा माणसं. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर कायदा लागू होत नाही. १९६० मध्ये पन्नासचा आकडा वीसवर आला, त्यानंतर तो तिथेच थांबला आहे. अठरा-एकोणीस माणसं हजेरीवर दाखवून बाकीची ‘रोजंदारीवर’ ठेवायची, ही युक्तीही याच आकड्यातून निघते. दुसरी युक्ती पगार फोडण्याची. मूळ वेतन कमी, भत्ते जास्त. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता हा पीएफसाठी पगारच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी भत्त्यांना निम्म्या पगाराची मर्यादा घातली. कागदावर हे चांगलं आहे. अंमल तपासणाऱ्यावर अवलंबून.

विखुरलेल्या कामगारालाही फंड देता येतो, हे महाराष्ट्रानं पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलं आहे. १९६९ चा माथाडी कायदा. हमालाला एक मालक नसतो, सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. अण्णासाहेब पाटलांसारख्या नेत्यांच्या लढ्यातून जो कायदा आला त्यात व्यापाऱ्यानं मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळानं हमालाची नोंद ठेवायची आणि मजुरीबरोबर भविष्य निधी, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे त्याच्या नावावर जमा करायचे. मालक किती आणि कोण, हा प्रश्नच उरत नाही, कामगार मंडळाचा होतो. सुरक्षारक्षकांसाठी १९८१ मध्ये याच धर्तीवर कायदा झाला. मंडळांच्या कारभारावर टीका होते, बोगस नोंदींच्या तक्रारी असतात, वसुली थकते. पण वीस माणसांच्या अटीवर हा जिवंत तोडगा आपल्या राज्यात उभा आहे, आणि राष्ट्रीय चर्चेत त्याचं नावही निघत नाही. बाजारातल्या दुकानांतल्या मुलांना, घरकाम करणाऱ्या बायांना, डिलिव्हरीवाल्यांना हीच रीत लावायला हवी असं माझं ठाम मत आहे.

आहे त्या कायद्यातही एक दार उघडं आहे. वीसपेक्षा कमी माणसं असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर दुकान स्वेच्छेनं भविष्य निधीत येऊ शकतं. सात माणसांच्या कापड दुकानाला किंवा नऊ माणसांच्या दवाखान्याला त्यासाठी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, दर महिन्याला चलान भरावं लागतं. एकदा आत आलं की बाहेर पडणं सोपं नसतं, म्हणून मालक कचरतात. जुनी राहिलेली माणसं दाखवायची असतील तर केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्यासाठी योजना काढली. जुलै २०१७ ते ऑक्टोबर २०२५ या काळात वगळलेल्या कामगारांची नावं मालकानं स्वतःहून नोंदवायची, ज्यांचा हिस्सा त्यांच्या पगारातून कापलाच नव्हता त्यांच्याकडून तो मागायचा नाही, आणि दंड नावापुरता शंभर रुपये. सक्करदऱ्यातल्या दुकानात दहा-दहा वर्षं उभं राहून साड्या दाखवणाऱ्या बाईच्या नावावर यूएएन निघायला तेव्हा तरी याहून सोपा रस्ता कायद्यात नव्हता.